टेकडीवरचा वावर

कावळे होते. माडावर बसले होते. पण खाली येत नव्हते.

भाटवेळीच्या खाडीकाठी रंजना नाचरेचा दहावा चालला होता. पिंड ठेवून बराच वेळ झाला होता. भटजी तालुक्याहून आले होते, आसपासच्या सगळ्या गावांना मिळून ते एकटेच, आणि दुपारच्या आत त्यांना पलीकडच्या गावात आणखी एक दहावा उरकायचा होता. ते सारखं घड्याळ बघत होते. रंजनाचा नवरा दत्ताराम ओल्या धोतरात पिंडासमोर हात जोडून उभा होता. मुलगा नव्हता. एकुलती मुलगी सानिका बापाच्या मागे उभी होती.

अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं. मेलेल्या माणसाचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि ती गोष्ट करायचं मोठ्याने कबूल करायचं. तोवर कावळा शिवत नाही. आणि एकदा कबूल केलं की सुटका नाही. पिंडासमोर दिलेला शब्द मोडणाऱ्याच्या घरी भाटवेळीत कोणी पाणी पीत नाही.

"रंजू, दत्ताभावजींना आम्ही उपाशी ठेवणार नाय," जाऊ म्हणाली.

कावळे हलले नाहीत.

"वैनी, तुझी कलमं मी शिंपीन गो."

नाही.

"तुझ्या नातीला शिकवू. डाक्टर करू."

एका कावळ्याने पंख झाडले आणि परत मिटले.

"डाक्टर नको म्हणतोय तो," मागून कोणीतरी पुटपुटलं. दोघं-तिघं हसले आणि लगेच गप्प झाले.

बाळाकाका, दत्तारामचा थोरला चुलतभाऊ, इतका वेळ दगडावर बसून तंबाखू मळत होता. तो म्हणाला, "उगाच काय कलमं नि नात लावलीय? ती गेलीच नाय, तर शिवेल कशाला?"

"म्हंजे?"

त्याने हनुवटीने टेकडीकडे दाखवलं. "वर नांदतेय ती. सगळ्या बंगल्यांत. जा, वास घेऊन या."

आता कोणी हसलं नाही. सगळ्यांनी टेकडीकडे बघितलं. समुद्राकडे तोंड करून पांढऱ्या बंगल्यांची रांग उभी होती, प्रत्येकाचे पडदे ओढलेले.

कावळे का येत नव्हते याचं कारण साधं होतं. टेकडीमागे रिसॉर्टचा उकिरडा आहे आणि भाटवेळीचे कावळे सकाळीच बिर्याणी खाऊन येतात. पण हे कारण त्या वेळी कोणाच्याच उपयोगाचं नव्हतं. बाळाकाकाचं कारण मात्र उपयोगाचं होतं, कारण ते अर्धं खरं होतं.

*

कोकणात बंद घर टिकत नाही. एक पावसाळा दार लावून ठेवा, भिंतींवर काळी बुरशी चढते, गाद्या कुजतात, कपाटातले कपडे हिरवे होतात. शेजारच्या मातीच्या घरात, जिथे माणसं राहतात, तिथे तेवढं होत नाही. वावर नसला की घर खचतं, असं लोक म्हणत आले. या वावरात नेमकं असतं काय, ते शोधायला एका प्रयोगशाळेची बरीच वर्षं गेली.

उत्तर असं निघालं. माणूस नुसता बसून राहिला तरी त्याच्या अंगावरून दर तासाला लाखो कण हवेत जातात. त्वचेचे पापुद्रे, तेलाचे थेंब आणि त्यांवर स्वार झालेले जंतू. प्रत्येक माणसाभोवती जंतूंचा असा एक न दिसणारा ढग असतो, आणि एकाचा ढग दुसऱ्यासारखा नसतो. घरात राहणाऱ्याचा ढग भिंतींवर, पडद्यांवर, लाद्यांवर बसत जातो. त्यातले काही जंतू बुरशीची जागा अडवतात, तिचं खाणं आधीच खाऊन टाकतात. श्वासाची ऊब आणि चालण्याफिरण्याने हलणारी हवा उरलेलं काम करते. माणूस गेला की हे पहारेकरी भुकेने मरतात आणि बुरशीला रान मोकळं होतं.

एवढं कळल्यावर एका कंपनीने पेटी बनवली आणि तिचं नाव 'वावर' ठेवलं. पेटीत एका माणसाच्या अंगावरचे जंतू वाढवलेले असतात. त्यांना कृत्रिम घाम पाजला जातो. एक पंखा श्वासाच्या लयीत कोमट हवा घरभर सोडत राहतो. घराच्या लेखी कोणीतरी राहत असतं. अडचण एवढीच आली की शहरातल्या माणसांचे जंतू इथल्या खाऱ्या, ओल्या हवेत तग धरेनात. इथलंच माणूस हवं होतं. आणि टेकडीवर एका बंगल्याला कधीच बुरशी लागली नव्हती. तो कारखानीसांचा बंगला. तिथे रंजना रोज केर-लादी करायची.

कंपनीच्या माणसाने एका दुपारी तिचं काम थांबवून तिच्या मानेवर, काखेत, तळहातांवर कापसाचे बोळे फिरवले. नमुना फार चांगला निघाला. बदल्यात नाचऱ्यांच्या घरी फ्रीज आला, आणि टेकडीवरच्या सगळ्या बंगल्यांत रंजना आली.

त्यानंतर रंजनाला कामावरून काढलं. साहजिकच होतं. घर टिकवायला बाई लागत होती, ती आता पेटीत होती. लादी पुसायला यंत्र होतं.

आता राहिला वास. घामाला स्वतःचा वास नसतो. वास जंतू करतात. त्यामुळे त्या सगळ्या बंगल्यांना वास होता, आणि तो रंजनाचा होता. मालकांना तो येत नसे. ते वर्षातून एकदा-दोनदा यायचे, एसी लावायचे आणि समुद्राचे फोटो काढून परत जायचे. वाडीला मात्र यायचा. रंजना जिवंत होती तेव्हा हा चेष्टेचा विषय होता. "दत्ता, तुझी बायको आज कारखानीसांकडे झोपलीय की देशपांड्यांकडे?" असं बाळाकाका भर नाक्यावर विचारायचा. "तुला जळायला काय झालं? तुझी तर घरात पण झोपत नाय," असं रंजनाच उलट ऐकवायची.

*

सानिका भाटवेळीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स आहे. भाटवेळीत जन्मली, भाटवेळीत नोकरी मिळाली, आणि राहते तालुक्याला. बापाचं घर दोन खोल्यांचं. नवरा ओंकार एसटीचा ड्रायव्हर, मुलगी ईरा चार वर्षांची. सगळी तिथे मावत नाहीत. गावात भाड्याने खोली नाही. टेकडीवर इतक्या खोल्या आहेत की वाडी दोनदा राहून उरेल, पण त्या भाड्याने द्यायच्या नसतात. त्या असायच्या असतात. शाळेचे मास्तर याच कारणाने बदली मागून गेले. त्यांच्यानंतरच्या बाईही जायच्या बेतात आहेत.

रंजना पडली ती संध्याकाळी, अंगणात, सुकत घातलेली कोकमाची सोलं गोळा करताना. डावी बाजू गेली. उपकेंद्राला कुलूप होतं, कारण नर्स शेवटच्या बसने तालुक्याला गेली होती. वळवाच्या पावसाने घाटात दरड कोसळली होती. सानिका फोनवर बापाला सांगत होती, कुशीवर वळव, तोंडात काही घालू नको, आणि ओंकारच्या मोटरसायकलवर मागे बसून ओरडत होती की दुसऱ्या रस्त्याने घे. ती पोचली तेव्हा शेजारच्या बायका रडायला लागल्या होत्या.

दहाव्याला खाडीकाठी, बाळाकाकाचं बोलणं ऐकून, ती बापाच्या मागून पुढे आली. जंतू म्हणजे आई नव्हे, हे तिला शिकवलेलं होतं. ते तिला त्याही वेळी माहीत होतं.

"आई," ती म्हणाली, "तुला त्या घरांतनं बाहेर काढते. सगळ्या घरांतनं."

कावळा उतरला, पिंडाला चोच मारली आणि भाताचं शीत घेऊन उडाला. भटजी हुश्श म्हणाले.

दत्तारामने मान वळवून मुलीकडे बघितलं. त्याच्या तोंडावर दुःख नव्हतं, राग होता.

*

कंपनीचं कार्यालय तालुक्याला, मोबाइलच्या दुकानाच्या वर. तिथला अद्वैत नावाचा तरुण चांगला होता. त्याने आधी पाणी दिलं.

"ताई, वाईट झालं. पण नमुना देणारी व्यक्ती गेली म्हणून पेटीतलं जंतूंचं कल्चर बंद होत नसतं. तसं लिहूनच घेतलेलं असतं."

"दुसऱ्या कोणाचं घाला."

"कोणाचं? तुमच्या गावातली तरुण माणसं मुंबईला. उरलेल्यांना औषधं चालू, अँटिबायोटिकवाले आम्हाला चालत नाहीत." मग तो थोडा पुढे झुकला. "तुमचं चालेल. आईचीच त्वचा तुमची. तुम्ही नमुना द्या, आठवड्यात सगळ्या पेट्या बदलून देतो. आई बाहेर."

"आणि मी आत."

"तसं नका ना बघू."

सानिकाने पाण्याचा पेला खाली ठेवला. आईला बाहेर काढायची ही सोपी वाट होती, आणि तिला क्षणभर ती पटलीही. मग तिला ईरा आठवली. पुढच्या वेळी तिच्या काखेत बोळा फिरेल.

"ही पेटी बंद कधी पडते?"

"बंद पडतच नाही," अद्वैत अभिमानाने म्हणाला. "झोपते फक्त. हुशार आहे ती. घरात खरी माणसं राहायला आली की त्यांचा ढग हवेत वाढतो, तो पेटीला कळतो. मग ती पंखा थांबवते. खऱ्या माणसांपुढे आमचं कल्चर टिकतही नाही म्हणा. दोन-तीन दिवसांत भिंतींवर नव्या माणसांचे जंतू बसतात, जुने जातात. मालक दिवाळीत आठवडाभर आले की परत नवं भरावं लागतं. तो खर्च आमचाच."

"आणि माणसं गेलीच नाहीत तर?"

"कुठून?"

"घरातून."

अद्वैतला प्रश्न कळला नाही. "तसं कोणी करत नाही ताई," तो म्हणाला. "ती सेकंड होम्स आहेत."

*

दत्ताराम टेकडीवरच्या विहिरींचे पंप बघतो. पाणी, गॅस, आग अशा वेळी आत जाता यावं म्हणून बंगल्यांच्या दारांवरच्या कुलपांचे आकडे त्याच्याकडे असतात. कारखानीसांच्या दाराचाही होता. सानिका त्याला शोधत गेली तेव्हा तो पंपाजवळ नव्हता. कारखानीसांच्या पडवीत, भिंतीतून हवा बाहेर टाकणारी जी जाळी असते, तिच्याखाली पाय पसरून बसला होता. डोळे मिटलेले.

सानिका जवळ गेली आणि तिथेच थांबली. वास आला. इतका सरळ आला की तिने मागे वळून बघितलं.

"रोज येतोस?"

"कामाला येतो."

"बाबा, मला आकडा दे दाराचा. आम्ही इथं राहायला येतो. ओंकार, ईरा, मी. आम्ही राहिलो की हे थांबतं."

"माहीत हाय काय थांबतंय ते. सगळ्या वाडीला तू सांगितलंस, मला सोडून." त्याने डोळे उघडले. "पिंडासमोर तू बोललीस, मी नाय. माझा हुंकार नव्हता त्याला."

"कावळा शिवला."

"कावळ्याला काय जातंय! त्याची बायको मेली काय?"

"बाबा..."

"एकदा जाळली मी तिला. आता तू दुसऱ्यांदा मारायला निघालीस."

"पहिल्यांदा कशाने मेली ते सांग ना मग," सानिकाचा आवाज चढला. "मी कुठं होते? का होते तिथं? तू ज्या पडवीत बसलायस ना, तिथून आपलं अंगण दिसतंय. बघ. दिसतंय का? हे घर त्या दिवशी रिकामं होतं. आई ह्यात होती, बाबा, आणि रिकामं होतं!"

जाळीतून कोमट हवा येत होती, थांबत होती, येत होती.

सानिका खाली निघून गेली.

दोन दिवस बापलेक बोलले नाहीत. वाडी मात्र बोलत होती. जावेच्या स्वप्नात रंजना आली, केरसुणी घेऊन. कोणाची तरी गाय आटली. शब्द दिलाय आणि पाळला जात नाही, आता हे कोणाकोणाला भोवणार, याचा हिशोब नाक्यावर रोज मांडला जाऊ लागला. बाळाकाका दत्तारामला सरळ म्हणाला, "आकडा तुझ्याकडे हाय. उद्या काय झालं तर पाप तुझं."

"मग माझ्या घरी नको पिऊ पाणी," दत्ताराम म्हणाला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सानिका उपकेंद्रात जाण्याआधी बापाच्या घरी आली. खुंटीला रंजनाची जुनी शाल होती. कामावरून आली की रंजना आधी आंघोळ करायची, मग चुलीला हात लावायची. तिन्हीसांजेला हीच शाल पांघरून उंबऱ्यात बसायची. सानिकाने शाल काढली आणि बापाच्या मांडीवर टाकली.

"घे. वासच हवा ना तुला? मग ही घे, नि आकडा दे."

ती गेली. दत्तारामने शाल बाजूला सारली. मग उचलली. नाकाला लावली. खोबरेल होतं, धूर होता, कोकमाचा आंबूसपणा होता, साबण होता. खाली कुठेतरी रंजना होती. तो शाल घेऊन तसाच टेकडी चढला आणि कारखानीसांच्या पडवीत जाळीखाली बसला. एकदा जाळीची हवा घेतली, एकदा शाल. परत जाळी. परत शाल.

दोन्ही वास रंजनाचे होते आणि दोन्ही एक नव्हते. नमुना तिचं काम थांबवून घेतला होता, भर दुपारी, लादी पुसता पुसता. कारखानीसांच्या घराने सांभाळून ठेवला होता तो रंजनाचा कामाचा घाम. ती घरी येऊन जो रोज धुऊन टाकायची, तो.

दत्ताराम उठला. दारापाशी गेला, आकडे दाबले आणि दार सताड उघडं टाकून खाली आला.

उपकेंद्राच्या पायरीवर उभा राहून त्याने आत हाक मारली, "सानू! सामान आण तुझं."

मग म्हणाला, "अजून राबतेय ती तिथं. लादी पुसतेय."

*

ओंकारने बसच्या टपावरून सामान आणलं. शेगडी, गाद्या, ईराची तीनचाकी, एक देव्हारा. पहिल्या दिवशी पेटीवरचा हिरवा ठिपका जळत होता. ईरा त्याच्यापुढे उभी राहून नाक वर करून हुंगायची आणि आजी कुठल्या खोलीत आहे ते विचारायची. सानिका कांदा परतायला घ्यायची. त्या तीन दिवसांत तिने घरात इतका कांदा परतला की ओंकार म्हणाला, "जंतू राहू दे, आता मीच निघून जाईन."

चौथ्या दिवशी सकाळी पंखा थांबला आणि ठिपका विझला. सानिका भिंतीला नाक लावून उभी राहिली. काहीच नव्हतं. तिने हे स्वतःच केलं होतं, त्यामुळे तक्रार करायला कोणी नव्हतं. ती मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

दुपारी घराच्या छतातला स्पीकर बोलला. कारखानीस होते. पेटी झोपली की मालकाला निरोप जातो.

"हॅलो? घरात कोण आहे?"

"मी सानिका. रंजनाची मुलगी. उपकेंद्रात नर्स आहे."

"कोण रंजना?"

सानिकाने सांगितलं. ते अर्ध्यातच म्हणाले, "हे बघा, झालं ते वाईट झालं, पण हे ट्रेसपास आहे. मी पोलीस पाठवतो."

"पाठवा. पण त्यापेक्षा तुम्हीच या ना राहायला."

"काय?"

"खरंच या. सगळी या. आम्ही आजच्या आज घर सोडतो, लादी पुसून देतो. तुम्ही राहिलात तरी माझा शब्द पाळला जातो. फक्त राहायचं. पावसाळाभर. पुढच्याही."



"पावसाळ्यात तिथे... लाइट जाते ना?" कारखानीस म्हणाले.

"जाते."

फोन कट झाला.

पोलीस आले, चहा प्यायले, मालकाने स्वतः येऊन तक्रार द्यायला हवी असं सांगून गेले. मालक अजून आलेले नाहीत.

सानिकाचा शब्द एका घराचा नव्हता. सगळ्या घरांचा होता, आणि तो सगळ्या वाडीने ऐकला होता. म्हणून दत्ताराम दारं उघडत गेला आणि शाळेच्या बाई देशपांड्यांकडे राहायला गेल्या. रंजनाच्या जावेचा धाकटा लग्न करून मुंबईहून परतला, तो पलीकडच्या बंगल्यात. बाळाकाकाने सगळ्यांत मोठा बंगला धरला आणि पोहण्याच्या तलावात बदकं सोडली. हे लोक हक्कासाठी उठले असं कोणी लिहिलं तर ते खोटं आहे. घरं नव्हती, पोरं गाव सोडून जात होती, शाळा ओस पडत होती, तेव्हा कोणी टेकडी चढला नाही. एक मेलेली बाई कामावरून सुटत नाही याची भीती बसली तेव्हा चढले. एकेका घरातला हिरवा ठिपका विझत गेला. खटले उभे राहिले आहेत आणि ते चालतील. भाटवेळी हरेलही कदाचित.

काही आठवड्यांनी, तिन्हीसांजेला, बाळाकाका खडकावरची कालवं काढताना घसरला. शिंपल्याने पोटरी उभी चिरली गेली. धमनीच तुटली होती. रक्त उडत होतं. खाडीवरून माणसांनी हाक मारली. सानिका भाकरी टाकून पिठाच्या हातांनी धावली आणि त्याच्या मांडीला पट्टा आवळला. तोवर त्याच्या तोंडावर पांढरेपणा आला होता, पण जीभ चालू होती.

"हळू गो! पाय तोडतेस काय माझा?"

"गप्प बसा काका. बोललात की रक्त जातं."

"उगाच. असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

गाडी आली, त्याला घेऊन गेली. तो जगला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की पट्टा आवळायला थोडा आणखी उशीर झाला असता तर आणायची गरज नव्हती.

दत्ताराम त्या वेळी आपल्या अंगणात उभा होता. खाडीवरची हाक त्याने ऐकली होती. टेकडीवरून धावत उतरणारी मुलगी त्याने बघितली होती, दारापासून पाण्यापर्यंत. नंतर तो बराच वेळ तिथेच उभा राहिला, जिथे सोलं सुकत घालतात त्या जागेवर, आणि त्या दाराकडे बघत राहिला.

रंजना पडली त्या संध्याकाळीही ते घर तिथेच होतं.